तंबूखालचं बासाई: अपोलोच्या देवळात पाहायचं तरी काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ग्रीसमधल्या ऑलिंपियाहून भाड्याची गाडी घेऊन एक कुटुंब डोंगरातल्या बासाईच्या, अपोलो या ग्रीक देवाच्या प्राचीन देवळाला गेलं. अख्खं देऊळ पांढऱ्या तंबूत झाकलेलं. आत करडे खांब, वर छप्पर नाही, मूर्ती नाही, आणि ज्या 'जगातल्या सगळ्यात जुन्या कोरिन्थियन खांबा'बद्दल (माथ्यावर पानं कोरलेला खांब) वाचून गेले होते, तोही कुठे दिसेना. त्यांनी विचारलंय, की अथेन्सचं पार्थेनॉन पाहिल्यावर या देवळात वेगळं काय पाहायचं, ते मुळात कसं होतं, आणि तंबू कशासाठी?

मी वास्तुविशारद आहे, जुन्या दगडी इमारतींच्या जतनाचं काम करते आणि वास्तुकलेचा इतिहास शिकवते. बासाईला दोनदा जाऊन आले आहे. पहिल्यांदा माझाही हिरमोड झाला होता, म्हणून तुमची निराशा मला कळते. दुसऱ्यांदा जाताना मात्र काय शोधायचं ते ठाऊक होतं, आणि दिवसभर तिथून पाय निघाला नाही. फरक एवढाच, की या देवळाची खरी करामत आत होती आणि आतलं बहुतेक सगळं आज जागेवर नाही. उभं आहे ते बाहेरचं जुन्या वळणाचं अंग. आतलं मनात पुन्हा रचता आलं तर तिथल्या प्रत्येक दगडाला अर्थ येतो.

आधी जागेबद्दल. बासाई म्हणजे लहान लहान दऱ्या. आजच्या ग्रीक उच्चारात 'वासेस', म्हणून रस्त्यावरच्या पाट्या वाचताना माणूस गोंधळतो. पेलोपोनीजच्या, म्हणजे ग्रीसच्या दक्षिणेकडच्या द्वीपकल्पाच्या, डोंगराळ भागात, अँड्रित्सेना गावापासून सुमारे 14 किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून 1,131 मीटर उंचीवर हे देऊळ आहे. प्राचीन काळी हा मुलूख आर्केडियाचा, मेंढपाळांचा आणि भाडोत्री सैनिकांचा. देऊळ बांधलं ते फिगालिया या जवळच्या छोट्या नगराने. एवढ्या आडबाजूला एवढं मोठं काम का केलं असेल, हा प्रश्न तिथे उभं राहिल्यावर पहिल्यांदा पडतो.

त्याचं एक उत्तर पॉसेनियसने दिलंय. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ग्रीसभर हिंडून देवळांची तपशीलवार वर्णनं लिहिणारा हा प्रवासी. तो म्हणतो, की रोगाच्या साथीतून वाचवल्याबद्दल लोकांनी अपोलोला हे देऊळ अर्पण केलं, म्हणून देवाचं नाव 'एपिकुरिओस', म्हणजे मदतीला धावून येणारा. साथ कुठली? पेलोपोनीजच्या युद्धातली, म्हणजे अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातल्या, अथेन्समध्ये इ.स.पू. 430 मध्ये पसरली तीच. अडचण अशी, की त्या युद्धाचा समकालीन इतिहासकार थ्युसिडिडीस सांगतो, की साथ पेलोपोनीजमध्ये म्हणण्यासारखी शिरलीच नाही. दुसरा धागा शब्दातच आहे. 'एपिकुरोस' हा शब्द मदतीला येणाऱ्या सैनिकांसाठी, भाडोत्री सैनिकांसाठीही वापरत. उत्खननात इथे शस्त्रं आणि नवसाची म्हणून वाहिलेली चिमुकली कांस्य चिलखतं सापडली आहेत. परक्या मुलखात लढून जिवंत परतलेल्या आर्केडियन सैनिकांचा देव हाच, असं मानायला मला ती चिलखतं जास्त पटतात. अर्थात एका देवाला दोन्ही संकटांसाठी हाक मारली असेल, यातही नवल नाही.

पॉसेनियस आणखी दोन गोष्टी सांगतो. पेलोपोनीजमधल्या देवळांत टेगिया नगराचं देऊळ सोडलं तर दगडाच्या सौंदर्यात आणि प्रमाणबद्धतेत बासाईचा पहिला नंबर लावावा, आणि त्याचा वास्तुकार इक्टिनस, पार्थेनॉनचा कर्ता. छप्परही दगडाचं होतं हे तो आवर्जून नोंदवतो, कारण साधारण देवळांवर भाजक्या मातीची कौलं असत. देवळाचं बांधकाम इ.स.पू. पाचव्या शतकाच्या शेवटच्या तीस वर्षांतलं. इक्टिनसचं नाव फक्त पॉसेनियसकडूनच कळतं, त्यामुळे अभ्यासकांत यावर वाद आहे. माझं मत पुढे सांगते, आधी इमारत समजून घेऊ.

बाहेरून मोजायला लागा. पुढे-मागे 6 खांब, दोन्ही बाजूंना 15, कोपऱ्यातले एकदाच मोजले तर एकूण 38. पायऱ्यांच्या वरच्या जोत्याची रुंदी सुमारे 14.5 मीटर, लांबी 38 मीटरपेक्षा थोडी जास्त. म्हणजे लांबट, आगगाडीच्या डब्यासारखं देऊळ. त्या काळात 6 ला 13 खांब हे प्रमाण रूढ झालं होतं. बासाईचे 15 खांब जुन्या पद्धतीचे, डेल्फीच्या अपोलोच्या देवळातही 6 ला 15 च आहेत. त्याच टेकडीवर आधीचं एक देऊळ होतं, इ.स.पू. सातव्या शतकापासूनचं, त्याच्या छपराचे मातीचे तुकडे सापडले आहेत. आपल्याकडे जुन्या देवळाचा जीर्णोद्धार करताना लोक जुनी दिशा आणि जुना घाट सोडत नाहीत, तसंच इथे झालं असावं. दिशाही वेगळी आहे. ग्रीक देवळाचं तोंड बहुधा पूर्वेला, हे मात्र उत्तरेकडे तोंड करून उभं आहे.

तुम्ही ऑलिंपियाहून आलात, म्हणजे तिथलं हेराचं देऊळ पाहिलंच असेल. त्याचे खांब एकसारखे नाहीत, एकाचा माथा पसरट, दुसऱ्याचा उभट, हे लक्षात आलं का? इ.स.पू. 600 च्या सुमाराचं ते देऊळ, आणि त्याचे खांब मुळात लाकडाचे होते. लाकूड कुजेल तसा एकेक खांब दगडाचा करत गेले, ज्या काळात जो बदलला त्या काळाची घडण त्याला मिळाली. पॉसेनियस गेला तेव्हा, म्हणजे जवळजवळ आठशे वर्षांनी, मागच्या मंडपात एक ओकचा खांब अजून उभा होता. ग्रीक देवळाची सगळी भाषा या एका गोष्टीतून उलगडते. डोरिक, म्हणजे साध्या, बिननक्षीच्या माथ्याच्या शैलीतल्या खांबांच्या वर जी पट्टी असते, तिच्यावर तीन उभ्या पट्ट्यांचे चौकोन ठरावीक अंतराने येतात. रोमन वास्तुकार विट्रुव्हियस सांगतो, की त्या लाकडी तुळयांच्या टोकांच्या आठवणी आहेत. खाली लटकणारे दगडी थेंब म्हणजे लाकडी खुंट्या. तुम्ही भाजे किंवा कार्ल्याची लेणी पाहिली असतील, तर हे सांगायला फार शब्द लागणार नाहीत. तिथे डोंगर कोरून काढलेल्या चैत्याच्या छताला लाकडाचे वासे बसवले आहेत, ज्यांची बांधकामाला काडीइतकी गरज नाही. सुताराची सवय पाथरवटाच्या हाताला लागली की ती शतकानुशतकं सुटत नाही.

आता दगड. बाहेरचं सगळं काम त्याच डोंगरातल्या करड्या चुनखडीचं. हा दगड थरांचा आहे, पापुद्र्यासारख्या रेषा त्यातून धावतात, आणि आज देवळाचं जे दुखणं आहे त्याचं मूळ तिथेच आहे. संगमरवर लांबून आणावा लागे, म्हणून तो जपून वापरला: शिल्पं, आतल्या खांबांचे माथे, ओवरीच्या छताचे नक्षीदार चौकोन आणि छपराची कौलं. एवढ्या उंचीवर जनावरांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून तो चढवला, हे लक्षात ठेवून पाहा.

चुना कुठेच नाही. आपली हेमाडपंती देवळं जशी चिऱ्यावर चिरा बसवून उभी आहेत, तसंच हे सुकं काम, फक्त सांधण्याची युक्ती निराळी. ग्रीक पाथरवट दोन चिरे जिथे भेटतात त्या पृष्ठभागाची फक्त कड आरशासारखी सपाट करत, मधला भाग जरा खोल आणि खडबडीत ठेवत. त्यामुळे दगड कडेला घट्ट मिटतो, बाहेरून सांधा केसासारखा दिसतो, आणि सगळा पृष्ठभाग घासायची मेहनत वाचते. शेजारशेजारचे चिरे लोखंडी आकड्यांनी जोडत, वरखालचे खुंट्यांनी, आणि त्याभोवती वितळवलेलं शिसं ओतत. शिशाचं काम दुहेरी होतं. ते लोखंडाला गंजण्यापासून वाचवी, आणि मऊ असल्यामुळे भूकंपात थोडं दबून हादरा पचवी. खांब अखंड दगडाचे नाहीत, एकावर एक ठेवलेल्या गोल दगडी चकत्यांचे आहेत. जमीन हलली की त्या चकत्या किंचित डोलतात, सरकतात, पुन्हा बसतात. अखंड ताठ भिंत जिथे तडकेल तिथे असा खांब टिकतो, मात्र त्याखालचा पाया पक्का हवा.

खांबांवरच्या उभ्या पन्हळी, डोरिकमध्ये त्या 20 असतात, खांब पूर्ण उभा राहिल्यावरच कोरत, कारण उचलताना, ठेवताना त्यांच्या धारदार कडा तुटल्या असत्या. सिसिलीतल्या सेजेस्टाचं देऊळ अर्धवट राहिलं, तिथे आजही पन्हळी नसलेले गुळगुळीत खांब उभे आहेत, आणि पायऱ्यांच्या दगडांवर दोर बांधण्यासाठी ठेवलेले उंचवटे तसेच आहेत. मला शिकवताना सगळ्यात उपयोगी पडणारं देऊळ तेच, कारण अपुरं काम हे पुऱ्या कामापेक्षा जास्त बोलतं.

इथपर्यंतचं बासाई म्हणजे नीटस, काहीसं जुनाट डोरिक देऊळ. आता उत्तरेच्या मुखमंडपातून आत चला, मनाने तरी.

ग्रीक गाभारा आपल्यासारखा लहान, अंधारा चौक नसे. तो लांब दालन असे, शेवटाला मूर्ती. आत मंडळी जमून पूजा होत नसे, यज्ञवेदी बाहेर उघड्यावर, बळी बाहेर, जेवणं बाहेर. खांबांच्या रांगांतून देवळाभोवती फिरता येतं म्हणून आपल्याला प्रदक्षिणेची आठवण होते, पण तशी प्रथा तिथे नव्हती. दालन रुंद असलं की छपराच्या तुळयांना मध्ये आधार लागे, म्हणून आत खांबांच्या दोन रांगा, बहुधा दोन मजली: खाली जाड खांब, त्यावर आडवी तुळई, त्यावर बारीक खांब. पार्थेनॉनमध्ये तसंच होतं. परिणाम असा, की दालन मधून अरुंद होतं आणि दोन्ही बाजूंना निरुपयोगी बोळ उरतात.

बासाईच्या वास्तुकाराने ते बोळच मिटवले. भिंतीतून आत येणाऱ्या आखूड आडभिंती काढल्या आणि प्रत्येकीच्या टोकाला अर्धा खांब जोडला. दोन्ही बाजूंना पाच-पाच. दोन आडभिंतींच्या मध्ये उंच कोनाडा तयार झाला, आणि दालनाचा मधला भाग पूर्ण मोकळा. खांब एकमजली, जमिनीपासून वरपर्यंत. ते डोरिक नव्हते, आयोनिक होते. खाली घंटेसारखे पसरत जाणारे रुंद पाय, वर तीन बाजूंना गुंडाळ्या असलेले माथे. साध्या आयोनिक माथ्याला पुढून आणि मागून गुंडाळी दिसते, बाजूने उशीसारखा गोल भाग. इथे अर्धा खांब तीन बाजूंनी दिसणार, म्हणून तिन्हीकडे तोंड दिलं. असा माथा याआधी कुणी केलेला सापडत नाही.

शेवटची, पाचवी जोडी पाहा. तिथल्या आडभिंती काटकोनात निघत नाहीत, तिरक्या, 45 अंशांत आत वळतात. दालन तिथे दोन्ही हात जवळ आणल्यासारखं होतं. आणि त्या दोन तिरक्या खांबांच्या बरोबर मध्ये, देवळाच्या मध्यरेषेवर, एकटा सुटा खांब. हाच तुम्हाला न सापडलेला कोरिन्थियन खांब. त्याच्या मागे आणखी एक छोटी खोली, अंतर्गृह म्हणू, आणि या अंतर्गृहाला पूर्वेच्या लांब भिंतीत स्वतंत्र दार. देऊळ उत्तराभिमुख, तरी सकाळचं ऊन आडव्या दारातून आत येतं आणि मध्यरेषेवरचा खांब मागून उजळतो. जुन्या जागेची दिशा न मोडता पूर्वेशी नातं ठेवायचा हा मार्ग मला फार आवडतो. मूर्ती नेमकी कुठे उभी होती यावर मतं अनेक. एक 12 फुटी कांस्य अपोलो इथून मेगालोपोलिस नगराच्या शोभेसाठी नेला होता, एवढं पॉसेनियस सांगतो.

त्या एकट्या खांबाचा माथा 1811-12 मध्ये भंगलेल्या अवस्थेत सापडला, त्याची बारीक चित्रं काढली गेली, आणि नंतर तो तुकडे तुकडे होऊन हरवला. चित्रांत दिसतं ते असं: खाली अकॅन्थसच्या काटेरी पानांच्या लहान ओळी, त्यावर बराचसा मोकळा, उपड्या घंटेसारखा भाग, आणि त्यावरून वर चढणाऱ्या वेलीसारख्या गुंडाळ्या. पुढे रोमनांनी याच कल्पनेला पानांनी गच्च भरून टाकलं, आणि ती जगभर गेली. विट्रुव्हियस या माथ्याच्या जन्माची गोष्ट सांगतो. कोरिन्थमध्ये एक मुलगी वारली. तिच्या दाईने तिच्या आवडीच्या वस्तू टोपलीत भरून थडग्यावर ठेवल्या आणि वर एक कौल झाकलं. खाली अकॅन्थसचं मूळ होतं. वसंतात पानं टोपलीभोवती वर आली आणि कौलाच्या कडेला अडून बाहेर वळली. तिथून जाताना शिल्पकार कॅलिमॅकसने ते पाहिलं. गोष्ट खरी असो वा नसो, माथ्याचा आकार लक्षात ठेवायला याहून सोपी खूण नाही: टोपली, पानं, वर कौल.

म्हणजे एकाच इमारतीत बाहेर डोरिक, आत आयोनिक आणि मध्यरेषेवर कोरिन्थियन. तिन्ही शैली एकत्र आलेली ज्ञात असलेली ही पहिली इमारत. मुंबईचा टाउन हॉल, 1833 मध्ये पूर्ण झालेला, आज एशियाटिक सोसायटीचा म्हणून ओळखला जातो, तिथेही बाहेर भरभक्कम डोरिक खांब आणि आत कोरिन्थियन. ग्रीसमध्ये फिरून अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या वास्तुकारांनी देवळांची मापं घेतली नसती, तर हॉर्निमन सर्कलसमोर ते खांब दिसले नसते.

आता इक्टिनसबद्दल माझं मत. बाहेरचा जुनाटपणा पाहून काही अभ्यासक म्हणतात, पार्थेनॉनचा कर्ता असा मागे कसा जाईल? मला वाटतं, बाहेरचं अंग फिगालियाच्या लोकांनी ठरवलेलं असणार: जुनी दिशा, जुनं लांबट माप, गावचा दगड. आतला आराखडा मात्र ज्याने काढला त्याला पार्थेनॉनमधली अडचण अंगवळणी पडलेली होती. पार्थेनॉनमध्येही खांबांची रांग मूर्तीच्या मागून वळवली आहे, म्हणजे दालनाला खांबांनी आकार द्यायचा विचार तिथे सुरू झाला होता. बासाईत तो टोकाला नेला. इक्टिनस नसेल, तर त्याच्या कामावर हात बसलेला कुणीतरी.

आतल्या आयोनिक खांबांवर, चारही बाजूंनी, संगमरवरी शिल्पपट्ट फिरवला होता. एकूण 23 शिळा, लांबी सुमारे 31 मीटर, उंची साधारण 64 सेंटीमीटर. शिल्पपट्ट सहसा बाहेरच्या बाजूला, उजेडात असे. पार्थेनॉनचा प्रसिद्ध पट्टही गाभाऱ्याच्या भिंतीच्या बाहेरून आहे. बासाईत तो आत आणला, खूप वर, अंधुक प्रकाशात. विषय दोन. 12 शिळांवर ग्रीकांची अ‍ॅमेझॉन या लढवय्या स्त्रियांशी लढाई, 11 वर ग्रीक पुराणातल्या लॅपिथ लोकांची अर्धे घोडे असलेल्या सेंटॉरांशी. मला त्यातल्या दोन शिळा कधी विसरता येत नाहीत. एकीवर केनियस नावाचा योद्धा आहे. कुठल्याच शस्त्राने त्याला इजा होणार नाही असा वर होता, म्हणून दोन सेंटॉर मोठा धोंडा घालून त्याला जिवंत जमिनीत ठोकताहेत, कमरेपर्यंत तो गेलाच आहे. दुसरीवर एक स्त्री देवीच्या मूर्तीला घट्ट मिठी मारून बसली आहे आणि सेंटॉर तिचं वस्त्र ओढतोय. मदतीला येतात ते अपोलो आणि त्याची बहीण आर्टेमिस, हरणांच्या रथातून. मदतीला धावून येणाऱ्या देवाचं देऊळ, आणि आत नेमका तोच क्षण कोरलेला. पार्थेनॉनच्या शिल्पातला शांत तोल इथे नाही. आकृत्या ठेंगण्या, दणकट, कपडे वाऱ्याने उडालेले, सगळीकडे ओढाताण. काही जण याला कमी दर्जाचं काम म्हणतात. मला तसं वाटत नाही. खालून, कमी उजेडात, लांबून दिसायला असाच खोल घाव आणि जोरकस हालचाल लागते.

मग हे सगळं गेलं कुठे? देऊळ वापरातून गेल्यावर छपराचं लाकूड कुजलं, संगमरवरी कौलांचं वजन खाली आलं. नंतरच्या शतकांत लोकांनी सांध्यांतलं शिसं-लोखंड काढण्यासाठी दगड फोडले. खांबांच्या सांध्यांजवळ ओबडधोबड खड्डे दिसले असतील, ते या धातूचोरीचे. एकदा आकडा गेला की भूकंपात चिरा मोकळा. शिल्पपट्ट मात्र ढिगाऱ्याखाली गाडला गेला आणि त्यामुळेच वाचला.

पश्चिम युरोपला देवळाचा पत्ता 1765 मध्ये लागला. झांटे बेटावर घरं बांधणारा बोशे हा फ्रेंच वास्तुकार वाट चुकल्यासारखा इथे पोचला. पुन्हा मोजमापं घ्यायला निघाला, तेव्हा त्याचा खून झाला. त्यानंतर 1811 मध्ये इंग्रज वास्तुकार चार्ल्स रॉबर्ट कॉकरेल, त्याचा सोबती फॉस्टर, आणि जर्मन हालर फॉन हालरश्टाइन व लिंक आले. याच मंडळींनी त्याच वर्षी एजिना बेटावरच्या देवळाची शिल्पं उकरली होती, जी पुढे म्युनिकला गेली. बासाईत दगडांच्या ढिगातून एक कोल्हा पळाला, आणि त्याच्या बिळात डोकावल्यावर शिल्पपट्टाची शिळा दिसली, असं कॉकरेलच्या आठवणींत आहे. पुढच्या वर्षी, ऑटोमन सुभेदार वेली पाशाची परवानगी काढून, ढिगारा उपसला. शिळा झांटेला नेल्या, 1814 मध्ये लिलाव झाला, ब्रिटिश सरकारने त्या घेतल्या, आणि 1815 मध्ये त्या ब्रिटिश म्युझियममध्ये पोचल्या. ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनने आणलेली पार्थेनॉनची शिल्पं म्युझियमने त्यानंतरच्या वर्षी विकत घेतली.

इथे जतनाचं काम करणारी म्हणून मला जे सलतं ते सांगते. कोणती शिळा ढिगात नेमकी कुठे पडली होती, याची पुरेशी नोंद राहिली नाही. त्यामुळे 23 शिळांचा मूळ क्रम कुठला, यावर दोनशे वर्षं वाद चालू आहे. खोबण्या, भोकं आणि मापं जुळवून नवनवे क्रम मांडले जातात. शिळा इमारतीपासून दूर नेल्या हे दुःख आहेच, पण जागेची नोंद न करता उचललं, ते नुकसान परत भरून येत नाही. आपल्याकडे जीर्णोद्धाराच्या घाईत देवळाचे चिरे क्रमांक न घालता उतरवले जातात, तेव्हा मला हेच डोळ्यांसमोर येतं.

कॉकरेलच्या मनातून मात्र ते देऊळ कधी गेलं नाही. त्याने ऑक्सफर्डची अ‍ॅशमोलियन म्युझियमची इमारत उभारली, तिच्या खांबांवर बासाईचे आयोनिक माथे आहेत.

आता तंबू. 1902 ते 1908 दरम्यान ग्रीक पुरातत्त्वज्ञांनी पडलेल्या भिंतींचे चिरे आणि खांब पुन्हा उभे केले. आज गाभाऱ्याच्या ज्या भिंती दिसतात त्या बऱ्याचशा तेव्हाच्या जुळणीमुळे. पण मूळ दुखणं बाकी होतं. वर सांगितलेला थरांचा दगड पाणी पितो, डोंगरावर हिवाळ्यात बर्फ पडतो, आत शिरलेलं पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं आणि पापुद्रा सुटतो. दिवसा वितळतं, रात्री गोठतं, आणि एका हिवाळ्यात हे कितीतरी वेळा होतं. खाली पायातही पाणी मुरून माती हलली, खांब कलले, वर भूकंपाचा प्रदेश. देऊळ 1986 मध्ये जागतिक वारसा यादीत आलं, ग्रीसमधलं पहिलं ठिकाण म्हणून, आणि 1987 मध्ये त्यावर लोखंडी खांब आणि तारांनी ताणलेलं कापडी छत आलं. तंबूचं काम एकच, दगड कोरडा ठेवणं. त्यामुळे बाकीच्या कामाला वेळ मिळतो.

आणि ते काम झटपट होणारं नाही. उत्तरेकडून सुरुवात करून वरच्या तुळया उतरवायच्या, खांबांच्या चकत्या एकेक करून खाली घ्यायच्या, पाया बळकट करायचा, तडकलेले दगड सांधायचे, मग तीच चकती त्याच जागी, मिलिमीटरचा हिशेब ठेवून. घाई केली तर काय होतं ते अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवर, म्हणजे पार्थेनॉनच्या टेकडीवर, दिसलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दुरुस्तीत शिशाचं वेष्टण न देता साधं लोखंड वापरलं. ते गंजून फुगलं आणि प्राचीन संगमरवर आतून फुटला. 1975 नंतर सगळं पुन्हा उघडून टायटॅनियमचे तुकडे घालावे लागले. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराला शिशाचं महत्त्व ठाऊक होतं, नव्या माणसांनी ते ओलांडलं. म्हणून तंबू इतकी वर्षं राहिला याचा मला राग येत नाही. पायाचं आणि दगडाचं काम पूर्ण होईपर्यंत तो तसाच राहिला पाहिजे. फोटो बिघडतो, खरंय. पण आत ऊन मऊ होतं, सावल्या कडक पडत नाहीत, आणि टाकीचे घाव भर दुपारीही वाचता येतात. उघड्या देवळावर ते फक्त सकाळ-संध्याकाळी दिसतात.

पुन्हा कधी जमलं तर सकाळी लवकर पोचा. आधी लांब बाजूने चाला आणि खांब मोजा. मग पूर्वेच्या भिंतीतलं दार शोधा, तिथून आत डोकावलं की अंतर्गृह समोर येतं. दोरीच्या अलीकडूनही आडभिंतींचे बुंधे आणि त्यांच्या टोकांना घंटेसारखे पसरलेले खांबांचे पाय दिसतात. ते डाव्या-उजव्या बाजूंनी मोजत दक्षिणेकडे या. पाचवी जोडी तिरकी भेटेल. तिच्या मधोमध पाहा, जमिनीशी. तुम्ही ज्याला शोधत होता त्या खांबाची जागा ती. आणि लंडनला जाणं झालं तर ब्रिटिश म्युझियमचं 16 क्रमांकाचं दालन बघा. ते बऱ्याचदा बंद असतं, म्हणून आधी चौकशी करा. तिथे शिळा डोळ्यांसमोर असतात. बाक दिसला तर बसा, आणि मान वर करून पाहताना त्या कितीतरी उंच, अंधुक उजेडात, वरच्या संगमरवरी छपराखाली आहेत असं धरून चाला.